चार आण्याची कोंबडी

आमच्या घरात एक वाक्य पिढीजात चालत आलं आहे. आत्याबाईंनी ते त्यांच्या सासूकडून घेतलं आणि माझ्या पदरात टाकलं. "कोंबडीला कसला आलाय डाक्तर? मान टाकली की पातेलं चढवायचं."

मी 32 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गणित हा माझा आवडीचा विषय, म्हणून आत्याबाईंच्या वाक्याला मी हिशेबाची जोड दिली. गावरान कोंबडी साडेचारशेची. जनावरांचा दवाखाना 15 किलोमीटरवर. जाण्यायेण्याचं भाडं, अर्ध्या दिवसाचा खाडा, वर औषध. पाचशेच्या आत काही भागत नाही. कुणी विचारलंच तर मी हसून म्हणायची, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला." ऐकणारा मान डोलवायचा. हिशेबात चूक नव्हती. अजूनही नाही. चूक मी मांडणीत केली होती, आणि ती मला साठीला टेकल्यावर कळली. त्याआधी जे हातून घडलं ते आज इथे लिहिते आहे.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. भाताचं गाव, त्यामुळे कण्या आणि कोंडा घरचाच. कोंबड्या दिवसभर उकिरडा, गोठा, बांध फिरून पोट भरतात आणि दिवेलागणीला आपापल्या खुराड्यात शिरतात. त्यांच्यावर खर्च असा नाहीच. या कोंबड्यांचा पैसा बाईचा. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यावर जातो आणि खातं घरधन्याच्या नावावर असतं. अंड्यांचे दहा-दहा रुपये फडताळातल्या डब्यात पडतात. माहेरी जायचं एसटीचं भाडं, लेकीच्या बांगड्या, भाचीच्या बारशाचं कुंचीटोपडं त्या डब्यातून निघतं. पगार असूनही मला त्या डब्याचं अप्रूप होतं. माझ्या शेजारणींना तर तोच एक डबा.

कोंबडी आजारी पडली की आमच्याकडे उपाय ठरलेले. लसूण आणि हळद ठेचून गोळी भरवायची. तुऱ्यावर देवीचे फोड आले तर खोबरेल तेलात हळद कालवून लावायची. फारच झालं तर घरातली तापाची, सर्दीची उरलेली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची. मी तर शिकलेली बाई. माझ्याकडे अशा उरलेल्या कॅप्सूलचा साठा जास्त. कशावरची आहे, किती द्यायची, तिचा अंश अंड्यात उतरतो का, हे प्रश्न मला पडलेच नाहीत. तीच अंडी मी नातवाला उकडून दिली.

आणि उपाय लागू पडला नाही, एकीमागे एक मान टाकू लागल्या, की शेवटचा नियम. तो कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण प्रत्येक बाईला माहीत असतो: रोग आला की गिऱ्हाईक बघायचं.

2017 चा शिमगा झाला आणि माझ्या खुराड्यात रोग शिरला. पहिल्या दिवशी एक तलंग पंख पाडून कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी तिची शिट हिरवट-पांढरी पाणी झाली, चोच उघडी टाकून ती श्वास घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी तिची मान अशी पिळली गेली की चोच आभाळाकडे. चार दिवसांत तीन गेल्या. एक आम्ही खाल्ली, दोन मी ओढ्यात टाकल्या. खाली ओढ्याच्या कडेला कुत्री असतात, हेही ठाऊक होतं. पुढे काय होतं त्याचा विचार केला नाही.

उरलेल्यांत पाच धडधाकट दिसत होत्या. डालग्यात घालून मी त्या आठवडी बाजारात नेल्या. दोन एका खानावळवाल्यानं घेतल्या. बाकीच्या तिघींसमोर एक ओळखीचा चेहरा येऊन उभा राहिला. वरच्या वाडीची, माझीच विद्यार्थिनी, आता दोन पोरांची आई. तिला खुडूक बसवायला कोंबड्या हव्या होत्या. बाजारात कोंबडी घेणारी बाई आधी पंखाखाली बघते, पोट चाचपते, शेपटाखाली घाण लागली आहे का ते पाहते. तिनं काहीच केलं नाही. म्हणाली, "बाईंच्या घरच्या म्हणजे चांगल्याच असणार."

मी आपण होऊन वीस-वीस रुपये कमी केले. का कमी केले, ते मला त्याच वेळी ठाऊक होतं.

तीनेक आठवड्यांनी ती एसटीच्या थांब्यावर भेटली. आधीच्या चौदा आणि माझ्या तीन, सगळं खुराडं रिकामं झालं होतं. तिच्या डोळ्यांत संशय असता तर मला बरं वाटलं असतं. ती विचारत होती, अगदी वर्गात विचारायची तशी, "बाई, काय असंल हो ह्ये? तुमास्नी ठावं असंल." मी म्हटलं, "हवा बदलली की होतं असं." गाडी आली, मी चढले.

पुढची पाच वर्षं मी या गोष्टीला नाव दिलं नाही. स्वतःला सांगत राहिले की रोग हवेतून येतो, तिच्याकडे आधीच आला असेल. सगळेच विकतात, मी काही जगावेगळं केलं नाही. डॉक्टरला बोलावलं असतं तरी कोंबड्या वाचल्या नसत्याच. यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून तर ते फार सोयीचं होतं.

2022 च्या चैत्रात आमची म्हैस अडली. म्हशीसाठी कुणी हिशेब करत नाही. ह्यांनी रात्री फोन लावला, उजाडता डॉक्टर हजर. सरकारी नोकरीतला तरुण मुलगा, कोपरापर्यंत हात बरबटलेले, पण म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं. मी त्याच्या हातावर पाणी घालत होते. गोठ्याच्या भिंतीला लागून माझी एक कोंबडी पिसं फुलवून बसली होती. त्यानं पाहिलं आणि विचारलं, "हिला काय झालं?"

"असू दे डॉक्टर," मी म्हटलं, "कोंबडीच आहे."

त्यानं तिला औषध काय द्यायचं ते सांगितलं नाही. तिच्याकडे फार वेळ बघितलंही नाही. त्याचे प्रश्न भलतेच होते. एकूण किती आहेत? मेल्या किती, किती दिवसांत? शेजारी किती घरांत कोंबड्या आहेत? गावात कावळे मेलेले दिसले का? महिन्याभरात नवीन कोंबडी कुठून आणली का? मी उत्तरं देत गेले. मग त्यानं विचारलं, "आज मेलेली आहे का एखादी?" होती. उकिरड्यावर टाकली होती. त्यानं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, पोरांना लांब पिटाळलं आणि खताच्या रिकाम्या गोणीवर कोंबडी पालथी-उताणी करून फाडली.

मी जन्मभर कोंबड्या कापल्या आहेत. आत काय असतं ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत, असा माझा समज. पोटा आपण सोलून खातो, त्याच्या वरच्या अंगाला एक लहान पिशवी असते, ती आपण काढून टाकतो. ती त्यानं उभी चिरली आणि उलटी केली. आतल्या अस्तरावर बारीक-बारीक उंचवटे आणि त्यांच्या टोकांवर टाचणीनं टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके. "हे दिसतंय? बहुतेक राणीखेत. तुम्ही मानमोडी म्हणता ती. पण नमुना पाठवतो, बर्ड फ्लू नाही याची खात्री झालेली बरी."

"मग औषध?"

"मानमोडीला औषध नाही, बाई. विषाणू आहे. आधी लस टोचली असती तर गोष्ट वेगळी."

खरं सांगते, मला आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं. बघा, औषधच नाही! आत्याबाईंचं वाक्य खरं ठरलं. इतका शिकलेला डॉक्टर, त्यानं कोंबडी चिरली आणि हात झटकले. असंच काहीसं मी बोलणार होते, तेवढ्यात हात धुता-धुता तो म्हणाला, "आता एक करा. यातली एकही विकू नका. आज चांगली दिसते ती उद्या आजारी पडते. अंगात रोग मुरायला पाच-सहा दिवस, कधी पंधरवडाही लागतो. तुम्ही बाजारात नेलीत की रोग बाजारात गेला."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाच वर्षं मी ज्या गोष्टीला हवा म्हणत होते, तिचं नाव डालगं होतं.

तो गेला आणि आळीत वेगळीच आग पेटली. बाईनं डॉक्टर आणला, त्यानं कोंबडी फाडून बाटलीत भरून नेली, आता सरकारी गाडी येणार आणि आपल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारणार. ही भीती हवेतली नव्हती. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा माणसांनी पांढरे झगे घालून लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ती चित्रं आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. तेव्हा आमच्या बाजारात कोंबडीला कुत्रं विचारत नव्हतं. 2021 ला पुन्हा तेच नवापूर, आणि त्याआधी महिनाभर परभणीचं मुरुंबा. माझी सख्खी शेजारीण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिच्या नऊ कोंबड्या, त्यांतली एक रवणीवर.

मलाही झोप लागली नाही. खोटं कशाला बोलू, नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाणार म्हटल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच की त्याला गोठ्यात कोंबडी दिसायलाच नको होती. आपण मुकाट्यानं निस्तरलं असतं. मग मी स्वतःलाच विचारलं, निस्तरणं म्हणजे काय? त्याचा अर्थ मला पाच वर्षांपूर्वीपासून माहीत होता.

डॉक्टरला मी फोन करून आळीचं म्हणणं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्या कोंबड्या माराव्या लागतात, हे खरं. पण ज्या सरकार मारतं त्यांची भरपाई मिळते. ज्या आधीच रोगानं मेल्या त्यांची मिळत नाही. लपवणाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि पैसाही. शिवाय असा रोग कळवणं 2009 च्या कायद्यानं बंधनकारकच आहे. हे मी जसंच्या तसं आळीत सांगितलं. पटलं असं म्हणणार नाही. पण शेजारीण बोलायला लागली, म्हणजे भांडायला.

निकाल राणीखेतचा आला. त्या दहा-बारा दिवसांत माझ्या 12 कोंबड्यांपैकी 9 गेल्या. शेजारणीच्या नवापैकी दोन. आळीत एकंदर 80 च्या वर कोंबड्या होत्या, त्यांतल्या 71 राहिल्या. मेलेल्या आम्ही ओढ्यात टाकल्या नाहीत. कंबरभर खड्डा खणला, वर चुना घातला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटे टाकले. जिच्या घरी रोग तिनं दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, कोंबड्या सोडायच्या नाहीत, भांडी वेगळी. आजवर मानमोडी आली की आमची आळी साफ व्हायची. या वेळी झाली नाही. एका गोळीनंही नाही, एका थेंबानंही नाही. नुसतं नाव कळलं आणि त्या नावाप्रमाणे आम्ही वागलो.

त्या नावाची एक गंमत आहे. राणीखेत हे कुमाऊँच्या डोंगरातलं गाव, तिथे आपल्याकडे हा रोग आधी ओळखला गेला म्हणून ते नाव पडलं. इंग्रज त्यालाच त्यांच्या न्यूकॅसल गावाचं नाव देतात. आपल्या बायकांनी कुठल्याच गावाला बोल लावला नाही, जे दिसलं ते म्हटलं: मानमोडी. 1918 च्या तापाच्या साथीलाही आपल्याकडे हेच नाव होतं. आत्याबाईंच्या सासूनं ती साथ लहानपणी पाहिली होती. गावंच्या गावं बंद करून लोक शेतात राहायला गेले, असं ती सांगायची. माणसांच्या मानमोडीत कुणी कुणाकडे जात नसे. कोंबड्यांच्या मानमोडीत मात्र आम्ही थेट बाजार गाठत होतो.

आता माझ्या हिशेबाची चूक सांगते. मी खर्चाला एका कोंबडीनं भागत होते. आजारी पडलेल्या एका कोंबडीनं. त्या भागाकाराचं उत्तर नेहमी एकच येणार, की डॉक्टर परवडत नाही. पण डॉक्टर त्या कोंबडीसाठी नसतोच. ती बहुतेक वेळा गेलेलीच असते. तो असतो अजून आजारी न पडलेल्यांसाठी. माझ्या, शेजारणीच्या, आणि ओढ्याच्या पलीकडच्या वाडीतल्या. पाचशेला 71 नं भागलं की कोंबडीमागे सात रुपये येतात. एका अंड्याच्या किमतीहूनही कमी. चौथीतल्या पोराला मी भाजक चुकला म्हणून पुन्हा गणित करायला लावलं असतं.

मत बदललं म्हणजे मी आता प्रत्येक कोंबडी कडेवर घेऊन दवाखाना गाठते, असं नाही. म्हातारी कोंबडी अंडं अडून बसली तर कोमट पाण्यात बसवते, तेलाचं बोट लावते. नाही सुटली तर तिचे हाल बघत बसण्यापेक्षा सुरी बरी, असं अजूनही मानते. मुंगसानं धरलेलीला टाके घालायला कुणाला बोलावत नाही. आणि बोलावलं तरी दर वेळी कुणी येईल असंही नाही. एका डॉक्टरकडे गावं किती, त्यात गाई-म्हशी आधी. 1962 वर फोन केला तर माणूस बोलतो, गाडीही येते, पण कोंबडीसाठी आहे म्हटलं की आपलाच आवाज खाली जातो. तो खाली जाऊ द्यायचा नाही, हे मी शिकते आहे. पिल्लांना रक्ताची हगवण लागली तेव्हा मी शिट कागदात बांधून घेऊन गेले. रांगेतले लोक हसले. पण त्या रोगाला औषध असतं, पाण्यातून द्यायचं, आणि वेळेवर दिलं तर पिल्लं वाचतात. माझी 11 पैकी 8 वाचली. वर्षानुवर्षं मी असल्या पिल्लांना लसूण भरवून पुरत आले होते.

माझी रेघ आता एवढीच: एका कोंबडीला काय झालं ते दिसतंय, तर निर्णय माझा. पण एकीमागे दुसरी बसली आणि कारण कळत नाही, तर निर्णय एकटीचा राहत नाही. मग विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत डालगं खुंटीला.

मानमोडीवर लस आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरी परसातल्या कोंबड्यांना ती का मिळत नाही, ते मला लस आणायला गेल्यावर कळलं. बाटली 100 कोंबड्यांची. आत भुकटी असते, पाणी घालून विरघळवली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवायची, उरली की फेकायची. जिच्याकडे दहा कोंबड्या ती नव्वद डोस फेकायला कशाला आणेल? डॉक्टर म्हणाला, "आळीच्या 71 झाल्या ना? आणखी पंचवीसेक कुणाकडे आहेत का बघा. जवळची वाडी धरा. रोग तिकडनंच येतो नि तिकडंच जातो."

जवळची वाडी म्हणजे वरची वाडी.

मी दोन दिवस टाळलं. मग एका संध्याकाळी वही घेऊन चढले. ती अंगणात भात पाखडत होती. मी सांगितलं, लस आहे, कोंबड्या मोजायला आले आहे. वाडीच्या मिळून 26 भरल्या. तिच्या स्वतःच्या सहा. एवढं बोलून मी उतरले. जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं.

लसीच्या दिवशी पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, दवाखान्याचा पर्यवेक्षक आळीतलं काम उरकून वाडीत आला. घड्याळ पळत होतं, बर्फ वितळत होता. पंखाखालची पिसं बाजूला करून कोंबडी धरायची, तो सुई टोचणार, मी वहीत रेघ मारणार. तिच्या खुराड्याशी आलो. ती एकेक काढून माझ्या हातात देत होती. तिसरी कोंबडी हातात असताना मी म्हटलं, "शिमग्यात तुला दिल्या त्या तिन्ही रोगाच्या घरातल्या होत्या. मला ठाऊक होतं."

तिचा हात खुराड्याच्या दारात होता. पर्यवेक्षक सुई भरत होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर बोलेल. मी दोन्हीला तयार होते. या दोन्हींशिवाय तिसरं काही असू शकतं असं मला सुचलंच नव्हतं.

तिनं चौथी कोंबडी बाहेर काढली. या वेळी माझ्या हातात देण्याआधी तिनं तिचा पंख उचलून खाली पाहिलं, पोट चाचपलं, शेपटाखालची पिसं बाजूला करून बघितलं. मग दिली.

"धरा, बाई," म्हणाली. "अजून दोन हायत."